रिमोट: नव्या सेलनंतरही आवाजाची बटणं मुकी

बाकीची बटणं चालतात आणि फक्त आवाजाचीच अडतात, म्हणजे सेल, टीव्ही दोन्ही ठीक आहेत. तरी मोबाईलचा सेल्फी कॅमेरा रिमोटच्या तोंडासमोर धरून बटणं दाबा. चालणाऱ्या बटणाला जांभळट ठिपका लुकलुकेल, अडलेल्याला नाही. (मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा इन्फ्रारेड, म्हणजे रिमोटचा डोळ्याला न दिसणारा प्रकाश, अडवणारा फिल्टर असतो.)

आता सेलच्या कप्प्यात स्क्रू असेल तर तो काढा, फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवून खटके सोडवा. रबराखाली, सर्किटवरच्या काळ्या पट्ट्यांवर तेलकट चिकटा दिसेल. दोष बहुतेक तिथेच. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो पुसा. रबरावरच्या कार्बन टिकल्या (बटण दाबल्यावर सर्किट जोडणारे काळे ठिपके) मात्र हलक्या हातानेच! घासून कार्बन गेला तर टिकलीएवढा ॲल्युमिनियम फॉइल चिकटवावा लागतो. पूर्ण वाळल्यावरच रिमोटचं कव्हर बंद करा.