साखर चाळीशीच्या पुढं गेली, मग कारखाने तोट्यात कसे?

ऊसकरी_वाळवा: दुकानात साखर चाळीसच्या खाली मिळत नाही आणि आमच्या कारखान्याच्या अहवालात परत तोटा. सभासद आहे मी, दरवर्षी सभेत तेच, साखर उद्योग अडचणीत आहे म्हणून, आता इथेनॉल आलं, वीज विकतात, तरी पैसा जातो कुठं? आकड्यात सांगा कुणीतरी, राजकारण नको.

हिशोबनीस: दादा, २०२४-२५ चा हंगाम धरा. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, टनाला ३४००, १०.२५ टक्के रिकव्हरीला (उसातून निघणारी साखर), म्हणजे टनामागं साखर १०२.५ किलो. साखरेचा किमान विक्री दर ३१ रुपये किलो, तो फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरलेला, तेव्हा एफआरपी २७५० होती. ३१ नं विकली तर ३१७७ येतात, ऊसबिलसुद्धा निघत नाही. कारखान्याला ३७ मिळाला धरलं तरी ऊसबिल जाऊन ३९० च्या आसपास उरतात, त्यात पगार, बारदान, चुना-गंधक, दुरुस्ती सगळं बसवायचं. मळी आणि बगॅस (उसाचा चोथा) यांचे पैसे वेगळे येतात, तेच खरं तारतात.

ऊसकरी_वाळवा: पण आपल्याकडं रिकव्हरी जास्त आहे ना?

हिशोबनीस: आहे, पण ०.१ टक्का वाढला की क्विंटलला ३.३२ रुपये एफआरपी पण वाढते, आणि ते शेतकऱ्याच्या हक्काचंच आहे.

कडेगावकर: व्याजाचं कुणी बोलतच नाही. ऊसबिल कायद्यानं १४ दिवसात द्यायचं, साखर मात्र केंद्राच्या महिन्याच्या कोट्यानं वर्षभर विकायची, मग मधे गोडाऊनमधल्या पोत्यांवर मालतारण कर्ज काढतात आणि माल पडून राहील तसं व्याज चढतं. त्यात पाऊस कमी झाला, ऊस कमी पडला, की हंगाम लवकर आटोपतो पण कायम कामगारांचा पगार बारा महिन्यांचाच.

मिरजेचा_पोरगा: इथेनॉलवर पण फार भरवसा नको. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या (इथेनॉलचे प्रकल्प) उभ्या केल्या आणि डिसेंबर २०२३ ला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल एकदम थांबवलं, नंतर थोडी सूट दिली, पण हंगामाचं गणित बिघडलंच. रसाच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ ला लिटरला ६५.६१ होता, २०२४-२५ लाही तोच, तोवर एफआरपी मात्र ३०५० वरनं ३४०० झाली.

ऊसकरी_वाळवा: मग सभेत नेमकं विचारू काय?

हिशोबनीस: अहवालात तीन गोष्टी बघा, व्याज किती गेलं, टनामागं प्रक्रिया खर्च किती, आणि डिस्टिलरी किती दिवस चालली. शेजारच्या कारखान्याचा अहवाल मिळाला तर तोही बाजूला ठेवा, एकाच पट्ट्यातला ऊस असून खर्चात मोठा फरक दिसला तर तो बाजाराचा दोष नाही, कारभाराचा आहे, आणि तो विचारायचा सभासदाला पूर्ण अधिकार आहे.