मदत हवी आहे: गच्चीवरच्या टिनाच्या शेडमध्ये मांजरीची पिल्लं, या उन्हात हलवू की तिथेच राहू देऊ?

नमस्कार मंडळी,

अकोल्याहून लिहितेय. आमच्या इमारतीच्या गच्चीवर टिनाची शेड आहे. तिथे मोडकं सामान, रंगाचे डबे असं सगळं पडलेलं असतं. त्यातच एका जुन्या कूलरच्या रिकाम्या बॉडीत एका भटक्या मांजरीने चार पिल्लं घातलीत. डोळे उघडलेत, पण अजून पाय फाकवून सरपटतात, म्हणजे दोनेक आठवड्यांची असावीत. पारा ४४ च्या पुढे गेलाय. खाली पत्र्याची बॉडी आणि डोक्यावर टिन. दुपारी त्या पत्र्याला हात लावून बघितला तर क्षणभरही ठेववला नाही.

एरवी पिल्लं एकमेकांवर ढीग करून झोपतात ना, तशी सकाळी असतात. दुपारी मात्र चौघं चार कोपऱ्यांत लांब लांब पसरलेली असतात. आई बाहेर सावलीच्या चिंचोळ्या पट्टीत पडून असते आणि मध्येच तोंड उघडून कुत्र्यासारखी धापा टाकते. मांजर अशी धापा टाकत असेल तर तिला ऊन सोसत नाहीये, एवढं मला माहीत आहे, आणि म्हणूनच जीव थाऱ्यावर नाही.

सध्या काय करतेय ते सांगते, म्हणजे तेच सल्ले पुन्हा द्यावे लागणार नाहीत. टिनावर गोणपाट टाकून ते सकाळपासून ओलं ठेवते. ज्या बाजूने ऊन येतं तिथे हिरवी जाळी बांधलीय. पाणी मातीच्या पसरट भांड्यांत, सावलीत, दोन-तीन ठिकाणी आणि खाण्यापासून लांब ठेवते. स्टीलच्या वाटीतलं पाणी तासाभरात चहासारखं होतं. आईला बिनमिठाचं उकडलेलं चिकन त्याच्या पाण्यासकट आणि पिल्लांसाठी मिळतं ते कोरडं खाणं देते. दूध पाजणाऱ्या मांजरीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं, आणि ही खातेही तशीच. ओलं खाणं पहाटे आणि रात्रीच ठेवते, उरलेलं लगेच उचलते. नाहीतर मुंग्या. मुंग्यांसाठी वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवलीय. कृपा करून खडू किंवा पावडर कोणी सुचवू नका, मांजर अंग चाटते आणि ते विष सरळ पोटात जातं. फिनेलचंही तेच. शेजारच्या काकूंनी प्रेमाने गाईचं दूध आणून दिलं होतं, पण त्याने पिल्लांना जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला या दिवसांत जुलाब म्हणजे संपलंच. त्यांना समजावून सांगितलं, पटलं.

आता मुख्य प्रश्न. खाली जिन्याजवळ मीटरची खोली आहे. फरशी गार, वर स्लॅब, दार लोटून घेता येतं. पिल्लं तिथे हलवली तर आई त्यांना टाकून जाईल का? माणसाचा हात लागला की मांजर पिल्लू घेत नाही असं सगळे म्हणतात, पण मला ते फारसं पटत नाही. पिल्लांना सात घरं फिरवायची तर तिची स्वतःचीच सवय. माझी खरी भीती वेगळी आहे: दोन तिने वर नेली आणि दोन खाली राहिली तर? तीन आठवड्यांपर्यंत आईने चाटल्याशिवाय पिल्लांना शी-शूसुद्धा करता येत नाही.

दुसरं, त्यातलं एक काळं-पांढरं पिल्लू मागे पडतंय. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बाकीची २३० ग्रॅमच्या आसपास भरली, हे १७० वर अडकलंय. दूध प्यायला जातं, पण बाकीची त्याला ढकलून देतात.

थोडी भर घालतेय. प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. डॉक्टरांशीही फोनवर बोलणं झालं. त्यांनी हलवायलाच सांगितलं: संध्याकाळी, आई खात असताना, चारही एकदम आणि त्यांच्या वासाच्या त्याच चिंधीसकट. आणि तिला नेताना दिसू द्यायचं. तसंच केलं. ती मागोमाग जिना उतरून आली, खोलीभर हुंगत फिरली, एक पिल्लू तोंडात धरून दारापर्यंत गेली आणि परत आत येऊन आडवी झाली. अजून तरी तिथेच आहे.

कूलर लावू का असं काहींनी विचारलंय. डॉक्टर नको म्हणाले. चार आठवड्यांपर्यंत पिल्लांना स्वतःचं तापमान नीट सांभाळता येत नाही, थेट गार ओलसर झोत बसला तर ती गारठतात. जागा गार हवी, पिल्लू ओलं नको. आई पुन्हा धापा टाकायला लागली, लाळ गळली किंवा झोकांड्या गेल्या तर साध्या पाण्याने पंजे, पोट, कान ओले करायचे, बर्फ लावायचा नाही आणि लगेच दवाखाना गाठायचा. ती थरथरली किंवा ताठ चालायला लागली तर तो उन्हाचा त्रास नसून कॅल्शियम कमी झाल्याचाही असू शकतो, तेव्हाही थांबायचं नाही.

बारक्या पिल्लाला दोन-तीनदा बाकीच्यांआधी एकट्याला आईजवळ लावतेय. वजन हललं नाही तर मांजरीच्या पिल्लांची दूध पावडर आणीन, आणि पोटावर पालथं ठेवूनच पाजीन. उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं.

राहिलेले प्रश्न:

एक बोका रात्री जिन्यात घिरट्या घालतोय. दार पूर्ण बंद केलं तर आई अडकते, उघडं ठेवलं तर तो आत येणार. फक्त ती जाऊ-येऊ शकेल असं काही कोणी केलंय का? तो आणखी एका कारणासाठी नकोय. मांजर अंगावर पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत पुढची वीण. या उन्हातून निघालेल्या अंगाला ते झेपायचं नाही. पिल्लं आठेक आठवड्यांची होऊन दूध सुटलं की तिची नसबंदी करायचीच आहे. तोवर बोक्याला लांब कसं ठेवायचं?

आणि अकोला किंवा जवळपास भटक्या मांजरींची नसबंदी करणारे कोणी माहीत असतील, पकडायचा पिंजरा उसना मिळत असेल, तर इथे किंवा व्यक्तिगत निरोपातून नक्की कळवा. पिंजरा आणायला मी अमरावतीपर्यंतही येईन.