ग्रीक लग्नातली सकाळ: तुमचे अनुभव सांगा

ग्रीसमध्ये चर्चमधला विधी बहुधा दुपार उलटल्यावर असतो. पण घरातलं लग्न त्याआधीच वाद्यांच्या साथीनं सुरू झालेलं असतं. ती सकाळ ज्यांनी पाहिली आहे त्यांनी जरूर लिहा. काय वाजलं, कोण रडलं, बारीकसारीक सगळं.

क्रीट, मुलाच्या घरी

रेथिम्नोजवळच्या गावात माझ्या सहकाऱ्याचं लग्न होतं. त्याला अंगणात खुर्चीवर बसवून, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून मित्र त्याची दाढी करत होते. शेजारी लिरा आणि लाउतो ही तारवाद्यं वाजत होती. लिरा मांडीवर उभी धरून गजानं वाजवतात. तारा 3, आणि बोट वरून दाबायचं नाही, नख तारेला बाजूनं टेकवायचं. आपल्या सारंगीची आठवण झाली.

दाढी अर्धी झाली असताना एका आजोबांनी मंतिनादा म्हटली. 15-15 अक्षरांच्या दोन यमकी ओळी, उभ्या उभ्या रचलेल्या. त्यांत नवरदेवाच्या गेलेल्या वडिलांचं नाव गुंफलं होतं, हे मला नंतर कळलं. गालावरच्या साबणातून त्याचे अश्रू ओघळले. वस्तरा धरलेला मित्र थांबला. लिरावाले आजोबांच्या ओळी पुन्हा पुन्हा वाजवत राहिले.

अथेन्स

नवरी बुटाच्या तळाला अविवाहित मैत्रिणींची नावं लिहिते. नाचताना जिचं नाव पुसेल तिचं लग्न आधी. माझं नाव मी देवनागरीत लिहून दिलं, तिनं ते एकेक वळण बघत उतरवलं.

सायप्रस

लिमासोलच्या ग्रीक शेजाऱ्यांकडे व्हायोलिन आणि लाउतोच्या साथीवर नवरीला सजवताना पाहिलं. घरचे एकेक करून लाल रुमाल तिच्या कमरेभोवती तीनदा फिरवत होते. मग ऑलिव्हच्या वाळक्या पानांचा धूर तिच्याभोवती ओवाळला. आमची आजी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची, अगदी तोच हात.

एपिरस, वरमाईकडून

माझ्या मुलानं इओआनिनाजवळची मुलगी केली. सून घराबाहेर पडताना क्लॅरिनेट, व्हायोलिन, लाउतो आणि डफ होता. आज आईपासून लेक दुरावते, असा गाण्याचा अर्थ कोणीतरी कानात सांगितला. पण त्याआधीच विहीणबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. माझ्या पाठवणीला आमच्या काकू जात्यावरच्या ओव्या म्हणाल्या होत्या, त्या जशाच्या तशा आठवल्या. क्लॅरिनेटवाला पुढे, त्याच्यामागे सून नि तिचे वडील, आणि मागून आम्ही दोघी हात न सोडता चर्चपर्यंत चालत गेलो.