मदत हवी आहे: लाभांशावर कर 5 टक्के की 10? करार मोठा की आयकर कायदा?

आकडेमोड
भागधारक (व्यक्ती, कंपनी नव्हे) नेदरलँड्सचा करनिवासी आहे, शेअर भारतीय कंपन्यांचे आहेत. भारत-नेदरलँड्स करारात (एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागू नये म्हणून केलेला) लाभांशावर कमाल 10 टक्के कर आहे. पण प्रोटोकॉलमध्ये (कराराची जोडपुरवणी) 'सर्वाधिक अनुकूल राष्ट्र' कलम आहे: भारताने नंतर ओईसीडीच्या (प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक संघटना) एखाद्या सदस्य देशाला कमी दर दिला, तर तोच दर इथेही. कोलंबियाशी 5 टक्के ठरलेत आणि कोलंबिया 2020 पासून ओईसीडीत आहे. डच सल्लागार म्हणतो, दर आपोआप उतरला. कंपनीचा रजिस्ट्रार (भागधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) 10 च्या खाली यायला तयार नाही. 5 साठी भांडावं का?

तळटीप
भांडू नका. सर्वोच्च न्यायालयाने 19 ऑक्टोबर 2023 ला नेस्ले प्रकरणात हा विषय मिटवला आहे. त्याआधी दिल्ली उच्च न्यायालयाने 'आपोआप लागू' असंच म्हटलं होतं. जुने लेख वाचून सल्ला देणारे अजून तिथेच अडकलेत.

डच सल्लागार त्याच्या देशापुरता चुकत नाही. डच राज्यघटनेच्या कलम 93 आणि 94 नुसार, सर्वांना बंधनकारक असं करारातलं कलम प्रसिद्ध झालं की थेट लागू होतं आणि त्याच्याशी विसंगत देशी कायदा बाजूला पडतो. आपल्याकडे करार करणं सरकारचं काम, पण त्याने लोकांचे हक्क किंवा चालू कायदा बदलत असेल तर संसदेचा कायदा लागतो (भारतीय राज्यघटनेचं कलम 253, कच्छ सीमेच्या वादातला मगनभाई पटेल निकाल, 1969). प्रत्येक करारासाठी संसदेत जायला नको म्हणून आयकर कायदा, 1961 च्या कलम 90(1) ने सरकारला अधिसूचनेचा अधिकार दिला. म्हणजे करातला करार चालतो तो कलम 90 च्या जोरावर. राजपत्रात नाही ते कर अधिकाऱ्याला बांधत नाही, कागदावर दोन्ही देशांच्या सह्या असल्या तरी.

नेस्लेत दोन गोष्टी ठरल्या. एक, कमी दरासाठी वेगळी अधिसूचना हवीच. सरकारने 1999 मध्ये नेदरलँड्ससाठी अशी काढलीही होती. कोलंबियाच्या 5 टक्क्यांसाठी काढलेली नाही. दोन, तिसरा देश भारताशी करार करतानाच ओईसीडीचा सदस्य हवा. कोलंबियाचा करार 2011 चा. तुमचा दावा दोन्हीकडून पडतो.

रानवारा
पण कलम 90(2) म्हणतं करदात्याला फायद्याचं ते लागू. शिवाय व्हिएन्ना कराराच्या (देशांमधल्या करारांचे नियम ठरवणारा) कलम 27 नुसार देशी कायद्याची सबब चालत नाही ना?

तळटीप
90(2) अधिसूचित मजकुरापुरतं. त्याच्याच आधाराने तुम्हाला 20 ऐवजी 10 मिळतात, ते काही कमी नाही. कलम 27 दोन राष्ट्रांमधला मामला आहे आणि भारत त्या कराराचा पक्षही नाही. नाराजी दाखवायची ती दुसऱ्या सरकारने. स्वित्झर्लंडने दाखवली: भारतीय निवाशांना 'सर्वाधिक अनुकूल राष्ट्र' कलमाखाली दिलेला 5 टक्के दर 1 जानेवारी 2025 पासून परत 10 वर नेला.

कोकणकडा
5 चा नाद सोडा, आधी 10 पक्के करा; बहुतेकांचं तिथेच चुकतं. 1,00,000 रुपये लाभांशावर कागद नसतील तर 20 टक्के आणि 4 टक्के उपकर मिळून 20,800 कापले जातात (उत्पन्न मोठं असेल तर अधिभार वेगळा). करार लागू झाला तर 10,000. त्यावर अधिभार-उपकर नाही.

कागद तीन: डच कर खात्याचा निवासी दाखला, आयकर पोर्टलवर ऑनलाइन भरलेला फॉर्म 10एफ (कराराच्या लाभासाठी अनिवासीने द्यायची माहिती), आणि आपणच खरे लाभधारक आहोत, भारतात कायम आस्थापना (धंद्याची स्थायी जागा) नाही, असं स्वघोषणापत्र. लाभांशाच्या सूचनेत रजिस्ट्रारने दिलेल्या मुदतीत पाठवा. नंतर आलेले कागद सहसा बघत नाहीत.

दाखल्याचा काळ नीट बघा. डच करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. 2024 चा दाखला फेब्रुवारी 2025 च्या लाभांशाला चालत नाही, 2025 चाही लागतो.

जास्त कापलं गेलं असेल तर आयटीआर-2 या विवरणपत्रात 'इतर उत्पन्ना'च्या तक्त्यात कराराचं कलम आणि दर भरून परतावा मागा. आणि 10 नेच कापलं असेल तर 'अनिवासी आहे, विवरणपत्र नको' असं धरून चालू नका: 115ए(5) ची विवरणपत्र न भरण्याची सूट त्या कलमाच्या पूर्ण दराने (20 टक्के) कर कापलेल्यांनाच आहे.

ही सगळी कलमं आणि फॉर्मचे क्रमांक 1961 च्या कायद्याचे. 1 एप्रिल 2026 पासूनच्या उत्पन्नाला नवा आयकर कायदा, 2025 लागू. तिथे क्रमांक वेगळे आहेत.

आकडेमोड
एका कंपनीने कागद न मागताच 10 कापलेत. म्हणजे तिथे बरोबर आहे?

कोकणकडा
फॉर्म 26एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता) उघडून कलम बघा. 195 (अनिवासींचं) असेल तर ठीक. 194 (निवासींच्या लाभांशाचं) दिसत असेल तर त्या डीमॅटवर तुम्ही अजून 'निवासी' आहात आणि 10 हा योगायोग आहे. डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे (डीमॅट खातं जिथे आहे ती बँक किंवा ब्रोकर) दर्जा बदलून घ्या, मग पुढच्या लाभांशाआधी वरचे तीन कागद द्या. दर्जा बदलून कागद दिले नाहीत तर पुढच्या वेळी थेट 20.8 टक्के कापले जातील.