बुडावर कोरलेला आकडा आणि नागमोडी रेघ : ड्रेस्डेन संग्रहाची खूण खरी आहे हे कसं ओळखायचं?

निळीशाई

एका परदेशी लिलावाच्या यादीत निळ्या-पांढऱ्या चिनी थाळीचे फोटो आहेत. व्यास २७ सेंमी. बुडाला झिलई कापून रोमन 'एन', दोन बिंदू, मग आकडा आणि शेवटी आडवी नागमोडी रेघ कोरली आहे. कोरलेल्या भागात काळा रंग दिसतो. विक्रेत्याचं म्हणणं, सॅक्सनीचा (जर्मनीतलं जुनं राज्य, राजधानी ड्रेस्डेन) राजा ऑगस्टस द स्ट्राँग याच्या संग्रहातली. त्याच यादीत एका वाडग्याच्या बाहेरच्या अंगावर चौकटीत फारसी मजकूर आहे आणि तो इराणच्या शाह अब्बासचा म्हणे.

१) या खुणा पडताळायच्या कशा?
२) थाळीवरचा आकडा आणि नागमोडी रेघ दुसऱ्या एका लिलावातल्या थाळीवरही अगदी तशीच सापडली. मग दोन्हींपैकी एक बनावट?
३) घेतलीच, तर युरोपातल्या राजवाड्यांसारखी भिंतीवर लावता येईल का?

खापरखुणा

आधी दुसरा प्रश्न, कारण तिथेच बहुतेकांची गफलत होते. तोच आकडा दोन थाळ्यांवर असणं हा बनावटीचा पुरावा नाही. ड्रेस्डेनची मोजदाद १७२१ मध्ये सुरू झाली. कारकुनांनी दर भांड्याला वेगळा आकडा दिला नाही, एकसारख्या भांड्यांच्या गटाला एकच दिला. सहा थाळ्या सारख्या असतील तर सहाही बुडांवर तोच आकडा आणि तीच खूण.

खूण म्हणजे यादीतलं प्रकरण. नागमोडी रेघ निळ्या-पांढऱ्यांना, त्रिकोण पांढऱ्यांना, उभी रेघ हिरव्या रंगाचा भर असलेल्यांना, फुली जपानींना. माइसेन या सॅक्सनीतल्याच पोर्सिलेन कारखान्याच्या मालावर 'डब्ल्यू'. त्यामुळे पहिली चाचणी फुकट आहे: खूण आणि भांडं जुळतं का ते पाहा. हिरव्या मीनाकामाच्या फुलदाणीवर नागमोडी रेघ असेल तर थांबा. मात्र ही वर्गवारी १७२१ च्या कारकुनाची, आजच्या अभ्यासकांची नव्हे. चीन-जपानची सरमिसळ तिथे आहेच. तेवढ्यावरून भांडं बाद करू नका.

दुसरी चाचणी काळाची. ऑगस्टस १७३३ मध्ये वारला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या नक्षीच्या थाळीवर त्याच्या यादीची खूण असली, तर नक्षीवर विश्वास ठेवा, खुणेवर नाही.

तिसरी चाचणी भिंगाखाली, दहापट पुरे. उजेड बाजूने, जवळजवळ आडवा पाडा. बुडावर वापराचे बारीक ओरखडे असतातच. जुन्या खुणेत हे ओरखडे कोरीव रेघेच्या काठाशी येऊन तुटतात आणि रेघेचा काठही त्यांनी किंचित बोथट झालेला असतो. नव्या खुणेत कोर जुन्या ओरखड्यांना छेदून जाते, काठ धारदार राहतात आणि काठाला ताज्या काचेसारखे कपचे दिसतात. काळ्या रंगावर जाऊ नका. तो कुणीही भरू शकतो, आणि खऱ्या भांड्यावरचा धुऊन गेलेलाही असू शकतो. विक्रेत्याकडे बुडाचा आडव्या उजेडातला फोटो मागा. सरळ फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत यातलं काही दिसत नाही.

बाजारात अशी थाळी येणं मात्र संशयास्पद नाही. ड्रेस्डेनने एकसारख्या भांड्यांतली जास्तीची भांडी १९१९ आणि १९२० मध्ये बर्लिनला लिलावात विकली. त्या विक्रीपासूनची कागदपत्रं मिळाली तर उत्तम. संग्रहालयाने जुन्या याद्या आणि भांडी ऑनलाइन दिली आहेत. आकडा आणि खूण टाकून नोंदीतलं वर्णन वाचा. नोंदीत झाकणाची बरणी आणि तुमच्या हातात थाळी, असं निघालं की प्रश्न मिटला.

दिवळी

वाडग्याबद्दल. मी असतो तर त्याच्या वाटेला गेलो नसतो.

शाह अब्बासने १६११ मध्ये इराणातल्या अर्दबीलच्या शेख सफींच्या दर्ग्याला ११६२ चिनी भांडी वक्फ केली. त्यांवरचा मजकूर ठरलेला आहे: 'बंदा-ए-शाह-ए-विलायत अब्बास वक्फ बर आस्ताना-ए-शाह सफी नमूद.' म्हणजे विलायतेच्या शाहाचा, अर्थात हजरत अलींचा, दास अब्बास याने हे शाह सफींच्या दर्ग्याला अर्पण केलं. ड्रेस्डेनचा आकडा बुडाखाली लपतो, कारण तो कारकुनासाठी होता. वक्फची चौकट बहुधा अंगावर किंवा खांद्यावर, चारचौघांना दिसेल अशी असते. दान केलेली वस्तू परत घेता येत नाही, विकता तर नाहीच.

आता हिशेब. १९३५ मध्ये तिथली भांडी तेहरानच्या संग्रहालयात हलवली. विसाव्या शतकातल्या मोजणीत ८०५ भरली. मधल्या तीनशे वर्षांत साडेतीनशेच्या वर फुटली, गेली किंवा नेली. म्हणजे खरं भांडं बाजारात येऊच शकत नाही असं नाही, पण ते दर्ग्यातून बाहेर कसं पडलं याचं उत्तर विक्रेत्यानेच द्यायला हवं. 'जुन्या युरोपीय संग्रहातून' एवढं पुरत नाही.

काळाची चाचणी इथे आणखी कडक. भांडं १६११ च्या आधीचंच हवं. कांगशी काळातल्या (१६६२ ते १७२२) वाडग्यावर अब्बासची चौकट असेल तर पुढे पाहायची गरजच नाही. बनावट करणारा स्वस्तातला जुना वाडगा घेतो आणि त्यावर महागडी ओळ कोरतो, म्हणून ही चूक वारंवार सापडते.

एका भांड्यावर दोन दरबारांच्या खुणा असणंही शक्य आहे. द्राक्षांच्या नक्षीची पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची एक थाळी आहे. इराणच्याच शाह तहमास्पची बहीण महीन बानू हिने ती इमाम रझांच्या दर्ग्याला दिल्याचा लेख तिच्यावर आहे, आणि शाहजहानच्या मालकीचाही. वक्फ झालेली थाळी मोगलांच्या भांडारात! तेव्हा फारसी दिसलं की 'अर्दबील' असं म्हणू नये, आधी मजकूर वाचून घ्यावा. फारसी वाचणारा माणूस पुण्या-मुंबईत सहज मिळतो.

खापरखुणा

+१. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याबद्दल एक भर. तिथे दहा हजारांवर चिनी भांडी आहेत आणि पुष्कळशी मुळात वापरातली, आज ठेवलीही आहेत जुन्या मुदपाकखान्यात. काहींवर नंतर सोन्याच्या तारेत माणिक-पाचू बसवले. विष पडलं की सेलाडॉन (हिरवट झिलईचं भांडं) रंग बदलतं ही तिथली जुनी समजूत विक्रेते अजून सांगतात. तो हिरवा रंग झिलईतल्या लोखंडाचा, भट्टीत हवा कमी ठेवून आणलेला. झिलई म्हणजे काच. तिला कालवणात काय आहे ते कळत नाही.

फडताळ

तिसरा प्रश्न राहिला.

युरोपीय राजवाड्यांची रीत म्हणजे भिंत भरून टाकणं. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्गमध्ये १७०६ चा पोर्सिलेन कक्ष पाहा: सोनेरी टेकू, मागे आरसे आणि छताच्या कडेपर्यंत जोडीजोडीने भांडी. (आज दिसतो तो महायुद्धात उद्ध्वस्त झाल्यावर पुन्हा उभारलेला.) लिस्बनच्या सांतुश राजवाड्यात, म्हणजे आताच्या फ्रेंच वकिलातीत, तर निमुळत्या छतालाच २६१ निळी-पांढरी भांडी लावली आहेत. समोरासमोर जोडी हवी म्हणून फुलदाण्यांचे पाच-पाचांचे संच मागवले जात, तीन झाकणाच्या बरण्या आणि दोन उंच पेले. ऑगस्टसने १७१७ मध्ये प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार देऊन १५१ भांडी घेतली, तीही प्रशियाच्या अशाच राजवाड्यांतली. हे सारं प्रचंड दिसतं, पण त्यात एक थाळी कुणी नीट पाहत नाही. अर्दबीलच्या चिनीखान्यात लाकूड-गिलाव्याची कोरीव कोनाड्यांची आतली भिंत आहे. मला ती रीत जास्त पटते.

घरी काय करायचं:

स्प्रिंगचा तारेचा हँगर लावू नका. तो थाळीला कडेवर चार ठिकाणी सतत खेचतो आणि कड हीच तिची सर्वांत कमजोर जागा. आत केसाएवढी चीर असली तर ती याच ताणाने वाढते. हँगरच्या हुकांवरचं प्लास्टिक दमट हवेत चिकट होतं, सोलवटतं, मग उघडा धातू झिलईवर घासतो. मागे चिकटवायच्या चकत्याही नकोत. त्या सोडवताना सोन्याचं काम उचकटतं, शिवाय तुमची खूण नेमकी तिथेच आहे.

त्यापेक्षा भिंतीला अरुंद फळी. २७ सेंमीच्या थाळीला ८ सेंमी खोली पुरे. भिंतीपासून साधारण ६ सेंमीवर ५ मिमी खोल खाच, पुढच्या काठाला सेंटिमीटरभर उंच पट्टी. थाळी दहा-पंधरा अंश मागे रेललेली हवी, सरळ उभी ठेवली की दाराच्या दणक्याने पुढे येते. वरच्या कडेला पितळेची किंवा स्टेनलेसची एक कडी, तिच्यावर पॉलिथिनची नळी चढवून, नुसती अडवणारी, दाबणारी नाही. साधं लोखंड कोकणपट्टीत वर्षभरात गंजतं.

फुलदाणी असेल तर आत बंद पिशवीत कोरडी वाळू, तळापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत. वाळू सुटी ओतू नका, आतली झिलई खरवडते. बुडाखाली संग्रहालयात वापरतात ते मेण लावता येतं, पण बुडाच्या झिलई नसलेल्या कडेला नाही. ती थोडी सच्छिद्र असते, डाग आत जातो.

निळीशाई

धन्यवाद. वाडगा सोडला. थाळीच्या फोटोत कडेजवळ धातूचे दोन टाके दिसतात. धुवायची कशी?

फडताळ

ते टाके म्हणजे जुनी दुरुस्ती. आरपार न जाणारी भोकं पाडून तार बसवतात. अशी थाळी पाण्यात बुडवू नका. टाके लोखंडी असतील तर गंज फुगून भोकापासून चीर काढतो. मऊ कोरडा ब्रश, आणि डाग असेल तिथे ऊर्ध्वपातित पाण्यात किंचित भिजवलेला कापूस, इतकंच. ब्लीच कधीच नाही, त्यातले क्षार चिरेत राहतात. टाके काढूनही टाकू नका, ते काढले की तुकडे सुटे होतात.

दिवळी

आणि पैसे भरण्याआधी एवढं ध्यानात असू द्या: १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगीरीत्या भारताबाहेर पाठवता येत नाही. इथे आल्यावर खूण खोटी निघाली, तरी थाळी जुनी असेल तर विक्रेत्याला परत पाठवणं अवघड होऊन बसेल. पडताळणी माल तिकडे असतानाच करून घ्या.