मदत हवी आहे: कॉलेजं एकत्र येऊन विद्यापीठ झालं, तर पीएच.डी. कुणाकडे?
नमस्कार मंडळी. वडोदऱ्याच्या एका मराठी मंडळासाठी टिपण करतोय, तिथे गाडी अडली आहे.

आमचं महाराजा सयाजीराव (म. स.) विद्यापीठ १९४९ साली झालं आणि १८८१ चं बडोदा कॉलेज त्यात पार विरघळून गेलं. घुमटाची इमारत तीच, पाटी मात्र कला शाखेची. लंडनला उलट झालं. १८३६ मध्ये विद्यापीठ आलं, तरी युनिव्हर्सिटी कॉलेज आणि किंग्ज आपापल्या जागी राहिली; सुरुवातीला विद्यापीठ फक्त परीक्षा घेऊन पदव्या द्यायचं.

मला हा दुसरा प्रकार हवाय, आणि आपल्याकडचा. मुंबईचं डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ जवळचं वाटतं: एल्फिन्स्टन कॉलेज, सिडनहॅम कॉलेज, विज्ञान संस्था वगैरे एकत्र आणलेलं. कायदा चाळला, पण कायद्यातून रोजचा कारभार थोडाच कळतो! (साधी संलग्नता ठाऊक आहे, ती कृपया नको.)

तिथे शिकवणारं किंवा संशोधन करणारं कुणी आहे का इथे? पीएच.डी.ची नोंदणी आणि मार्गदर्शकाची मान्यता कॉलेजातून होते की थेट विद्यापीठातून? संशोधनाचं अनुदान कुणाच्या खात्यात येतं? आणि एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्याला सिडनहॅमचा मार्गदर्शक घेता येतो का?