१९६८चा खरा राजा कोण: गिब्सन की मॅक्लेन?

भुसावळला सॉफ्टबॉल टाकून टाकून बोटांना फोड यायचे, तेव्हापासून मला पिचरचंच, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचंच वेड. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या १९६८च्या हंगामात डेनी मॅक्लेन या पिचरने ३१ सामने जिंकले, दुसरा पिचर बॉब गिब्सनने २२. तरी माझं मन गिब्सनकडेच ओढतं. नऊ डावांमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, त्याने दिल्या फक्त १.१२ धावा!

— भाऊ, जिंकणं बॅटिंगवरही असतं. एवढं टाकूनही गिब्सन ९ हरला. १३ सामन्यांत तर समोरच्यांना एक धाव नाही.

— पण वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, मॅक्लेनच्या डेट्रॉईट संघानेच नेली ना?

— नेली, सातव्या सामन्यात. पहिल्यात मात्र मॅक्लेनसमोरच गिब्सनने १७ जण स्ट्राइकआउट, म्हणजे थेट आपल्या चेंडूवर बाद, केले.

— पटलं. पिचर असे भारी पडले म्हणूनच पुढच्याच वर्षी ते ज्यावरून चेंडू टाकतात तो उंचवटा १५ इंचांवरून १०वर आणला. आम्ही सपाट काळ्या मातीवरून टाकायचो, त्या पाच इंचांचं मोल मला विचारा.